गाडी रिमॅप केली, आता गिअरबॉक्सला भारीतलं तेल घालू का?

नको.

एवढंच उत्तर दिलं की लोकांना वाटतं हा शिष्टपणा करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवणं, स्टेज वन ही त्यातली पहिली पायरी.) मेसेज साधारण असा असतो की भावा स्टेज वन केलंय, पिकअप एकदम खतरनाक झालाय, आता ऑटोमॅटिकचं तेल पण रेसिंगवालं घालून टाकतो, कुठलं घेऊ सांग. खाली एखाद्या इंपोर्टेड डब्याचा फोटो, ज्याच्या पाठीवर जगातल्या निम्म्या गाड्यांची नावं छापलेली. मी दरवेळी तेच सांगतो, गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या स्पेकचंच तेल घाल, फक्त बदलायचं अंतर कमी कर, लेव्हल बरोबर तापमानाला बघून घे आणि गिअरबॉक्स कशाने तापतोय ते शोध. समोरचा हिरमुसतो, कारण यात चारचौघांत दाखवायला काहीच नाही. पण गिअरबॉक्स उतरवायचा खर्च एकदा कुणाचा तरी बघितला की दाखवायची हौस आपोआप कमी होते.

आता आधी एक गोष्ट. आपल्याकडे क्लच पेडल नसलं की ती 'ऑटोमॅटिक', बास. त्यात कमीत कमी पाच वेगळ्या जातीचे गिअरबॉक्स येतात आणि प्रत्येकाचं तेल वेगळं. २०१४ला सेलेरिओत जी एएमटी आली ती मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्चुएटर करतो, त्यामुळे आत मॅन्युअलचंच गिअर ऑइल आणि ॲक्चुएटरचं हायड्रॉलिक तेल वेगळं, तिथे लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, ओतलंत तर वाट लागली. सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल, कारण तिथे बेल्ट आणि पुलीची पकड तेलाच्या फिल्ममधूनच व्हायची असते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला, म्हणजे जिथे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला जाते त्याला, एटीएफ. आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीएसजीसारखे ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाले, त्यात पुन्हा ओला (क्लच तेलात बुडालेले) आणि कोरडा.

हा ओला-कोरडा भाग लोकांना माहीतच नसतो, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्या, आपल्याकडे रिमॅपवाल्यांची लाडकी गाडी. १८० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. त्याला जो सात-स्पीड डीएसजी आहे, डीक्यू२००, त्याची कंपनीने ठरवलेली मर्यादा किती, तर २५० एनएम. म्हणजे शोरूममधून बाहेर पडतानाच इंजिन गिअरबॉक्सच्या मर्यादेला टेकलेलं आहे, आणि आपण वर स्टेज वन करून टॉर्क ३००च्या पुढे नेतो. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएम वर पळतो आणि गाडी मागून येते. गॅरेजवाला म्हणतो डीएसजीचं तेल बदलू या. अरे पण डीक्यू२००चे क्लच कोरडे आहेत! तेल आहे ते गिअर्सना, पावणेदोन लिटरच्या आसपास, आणि मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटचं, आपलं वेगळं, साधारण एक लिटर. क्लचच्या प्लेटला तेलाचा थेंब लागत नाही, आणि लागला तर ती सील गळायची वेगळी कटकट. म्हणजे सोन्याच्या भावाचं तेल घातलं तरी घसरणारा क्लच घसरतच राहणार. तिथे उपाय दोनच, टॉर्कची फाइल खाली आणा नाहीतर क्लच पॅकला पैसे बाजूला काढून ठेवा. आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा ब्रेक दाबून मुंगीच्या चालीने सरकत राहायची सवय सोडा. ब्रेक नीट दाबला की क्लच सुटतो, अर्धवट ठेवला की तो घासत राहतो.

याच गिअरबॉक्सची अजून एक गंमत आहे, 'सिंथेटिक म्हणजे भारीच' म्हणणाऱ्यांसाठी. २०१३च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, याच सात-स्पीडमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल घालायला. कारण काय, तर उष्ण-दमट हवा आणि सारखं थांबत-चालत ट्रॅफिक असेल तर त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. उष्ण, दमट आणि थांबत-चालत, म्हणजे आपली मुंबईच की. स्वतः गाडी बनवणाऱ्या कंपनीला महागडं तेल काढून साधं घालावं लागलं, मग आपण डब्यावरचा चकचकीत शब्द बघून का भुलायचं?

ओल्या क्लचवाल्या डीएसजीत मात्र तेल म्हणजे सगळं काही. माझी स्वतःची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, त्यात सहा-स्पीड डीक्यू२५०. हा गिअरबॉक्स २००३ला गोल्फ आर३२ मध्ये पहिल्यांदा आला, म्हणजे जुना खेळाडू. क्लच, गिअर, मेकाट्रॉनिक सगळे एकाच तेलात पोहतात, त्यामुळे क्लचची घासलेली पावडर सगळीकडे फिरते, म्हणून तर त्याला बाहेरून बदलता येणारा फिल्टर दिलाय. कंपनीचं अंतर ६०,००० किलोमीटर, तेल आणि फिल्टर दोन्ही. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, असेल तर ठीक आहे. रिमॅप असेल तर मी ३० ते ४० हजार किलोमीटरात उरकून टाका म्हणतो आणि माझ्या गाडीला तेच करतो. इंजिन स्टॉकलाच ३५० एनएम देतं, आणि हाच गिअरबॉक्स कंपनीने युरोपात ३८० एनएमच्या डिझेलला पण लावलाय, म्हणजे थोडी मोकळीक आहे, पण रिमॅपने ती मोकळीक आपण खाऊन टाकतो. मग जेवढा क्लच जास्त घासणार तेवढं तेल लवकर काळं होणार, साधा हिशोब.

हे काम कसं होतं ते एकदा शेजारी उभं राहून बघाच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात, जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेला माणूस, पण डीएसजी आल्यावर शिकून घेतलं आणि लॅपटॉप पण घेतला. त्यांच्याकडे गाडी रॅम्पवर चढली की पहिलं काम सपाटी बघायची, चारी बाजूंनी. मग १४ नंबरचा ॲलन घालून ड्रेन प्लग सोडायचा. प्लग निघाला की थोडंसं तेल येतं आणि थांबतं. नवखा माणूस इथेच फसतो, त्याला वाटतं झालं रिकामं. पण त्या भोकात आत प्लास्टिकची एक नळी उभी असते, तिच्या उंचीवर तेलाची लेव्हल ठरते. ती ८ नंबरच्या ॲलनने फिरवून काढली की मग खरं तेल सुटतं, ट्रे भरतो. दरम्यान वरच्या बाजूला फिल्टरचं काळं प्लास्टिकचं झाकण, २४ नंबरचा सॉकेट लागतो, फिल्टर बदलायचा, ओ-रिंग नवीन टाकायची. नळी परत बसवून खालूनच ॲडॅप्टरने तेल चढवायचं, सव्वापाच लिटरच्या आसपास जातं. गिअरबॉक्सची एकूण क्षमता सातच्या घरात, म्हणजे दीड-दोन लिटर जुनं आत राहतंच, त्याला इलाज नाही.

आणि आता खरी परीक्षा. इंजिन चालू, लॅपटॉपवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान लावलेलं, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकात थोडा वेळ, परत पी. तापमान ३५ ते ४५च्या मध्ये असतानाच प्लग काढायचा आणि जास्तीचं तेल त्या नळीतून वाहून जाऊ द्यायचं. धार थांबून थेंब थेंब झालं की प्लग नव्या वॉशरसकट ४५ एनएमला आवळायचा. सगळी सर्व्हिस या दोन-चार मिनिटांवर अवलंबून आहे. कारण तेल तापलं की फुगतं. ७० डिग्रीला लेव्हल बघितली तर फुगलेलं तेल जास्त वाहून जातं आणि गार झाल्यावर गिअरबॉक्सला तेल कमी. कमी तेल म्हणजे पंप वळणावर हवा ओढतो, तेलाला फेस येतो, प्रेशर पडतं, क्लच नीट दाबला जात नाही आणि घसरतो. हे रिमॅप केलेल्या गाडीत लवकर दिसतं कारण तिथे क्लचवर आधीच लोड.

माझ्या एका मित्राने आंबोली घाट चढून आल्या आल्या गाडी तशीच एका गॅरेजात घातली, त्यांनी पण घाईघाईत तेल सोडलं, भरलं, गरम असतानाच लेव्हल 'ओके' केली. चार दिवसांत गाडी दुसऱ्याचा तिसरा टाकताना झटके द्यायला लागली. मामांकडे आणली तर साडेसातशे मिली कमी निघालं. तेल मात्र एकदम ओरिजिनल, बिलासकट! म्हणून म्हणतो, डब्यावर काय लिहिलंय याच्यापेक्षा डब्यातलं किती आत गेलं ते महत्त्वाचं. मामांकडे तुम्ही तापलेली गाडी घेऊन गेलात तर ते सरळ सांगतात, "आरं चा पिऊन ये जा, गार झाल्याबिगार प्लगला हात लावणार न्हाई मी." एप्रिल-मे मध्ये तर गाडी आदल्या रात्री सोडून जायला सांगतात, कारण दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गिअरबॉक्स इंजिन चालू न करताच ३८ला जाऊन बसलेला असतो, मग मोजायला वेळच उरत नाही.

बरं, स्पेकचंच तेल का, जरा वरचढ घातलं तर काय बिघडतं? तर एटीएफ हे नुसतं वंगण नाही. ते हायड्रॉलिक तेल आहे, त्याच्या प्रेशरने क्लच दाबले जातात. ते उष्णता वाहून नेतं. आणि त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे घर्षण, क्लचच्या प्लेटा एकमेकींना किती पटकन आणि किती मऊ पकडतील हे तेलातल्या फ्रिक्शन मॉडिफायरवर ठरतं. जनरल मोटर्सने १९४९ला टाइप ए नावाचं एटीएफ आणलं, १९६७ला डेक्सरॉन, आणि त्या काळात या मऊपणासाठी तेलात चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालायचे. देवमाशाचं तेल, गिअरबॉक्समध्ये! सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा पर्याय शोधताना कंपन्यांची चांगलीच तारांबळ उडाली होती. फोर्डचं टाइप एफ मात्र उलट्या स्वभावाचं, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर नाही, त्यामुळे गिअर खाडकन पडायचा. तिकडच्या हॉटरॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी मॉडिफाय करणाऱ्यांनी, हे बरोबर हेरलं आणि जीएमच्या गिअरबॉक्समध्ये पण टाइप एफ ओतायला लागले, खाडकन शिफ्ट म्हणजे कमी घसरण म्हणून. 'मॉडिफाइड गाडीला वेगळं तेल' ही समजूत बऱ्यापैकी तिथून आलीय, आणि त्या काळच्या तीन-स्पीड गिअरबॉक्सना ती लागू पण पडायची.

आजच्या गिअरबॉक्सला नाही पडत. आता कॉम्प्युटर प्रत्येक सोलेनॉइडला, म्हणजे विजेवरच्या व्हॉल्व्हला, किती करंट द्यायचा ते ठरवतो, आणि ते ठरवताना गृहीत धरलेलं असतं की अमुक तापमानाला तेल इतकं पातळ असेल आणि क्लच इतका पकडेल. बऱ्याच गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) पूर्ण बंद न करता मुद्दाम किंचित घसरता ठेवतात, आवाज-थरथर कमी व्हावी म्हणून. तिथे घर्षणाचं गणित चुकलं की ६०-७०च्या स्पीडला गाडी बारीक थरथरते, जणू रस्त्यावर बारके रंबलर आहेत. मग लोक टायर बॅलन्स करत बसतात. घट्टपणाचं पण तसंच. जुनं डेक्सरॉन थ्री १०० डिग्रीला सात सेंटीस्टोकच्या (तेलाच्या जाडीचं माप) पुढे असायचं, टोयोटाचं आताचं डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास. त्याच टोयोटाचं आधीचं टी-फोर हे जाड, आणि कंपनी स्पष्ट सांगते की दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका. ही एकाच घरची दोन तेलं! त्यामुळे 'जाड तेल म्हणजे जास्त सुरक्षा' हे फॉर्च्युनरवाल्यांनी डोक्यातून काढून टाका.

डब्याच्या पाठीवरची यादी वाचायची पण एक पद्धत आहे. 'अप्रूव्ह्ड' लिहिलं असेल तर त्या गाडी किंवा गिअरबॉक्स कंपनीने ते तेल तपासून होकार दिलाय. 'मीट्स' म्हणजे तेल कंपनी स्वतः म्हणतेय की आम्ही त्या स्पेकला उतरतो. आणि 'सुटेबल फॉर' म्हणजे, घालून बघा, आमच्या मते चालेल. एकाच डब्यावर टी-फोर आणि डब्ल्यूएस दोन्हीला सुटेबल लिहिलेलं असतं, वर जे वाचलंत त्यानंतर तुम्हीच ठरवा. मी मल्टी-व्हेइकल तेलांच्या सरसकट विरोधात नाही, पंधरा वर्षं जुनी स्टॉक गाडी आहे आणि ओरिजिनल मिळतच नाही तर चांगल्या कंपनीचं घाला. पण ज्या गाडीला तुम्ही मर्यादेच्या वर पळवताय तिथे अंदाजाला जागा ठेवू नका. आफ्टरमार्केट घ्यायचंच असेल तर असं घ्या जे मुळात फॅक्टरीलाच पुरवलं जातं, म्हणजे झेडएफ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्सला लाइफगार्ड, ओल्या डीएसजीला पेंटोसिन वगैरे. आणि ऑनलाइन फार स्वस्त दिसलं तर संशय घ्या, आपल्याकडे जुन्या डब्यात नकली तेल भरायचा धंदा जोरात आहे. पार्ट्स काउंटरवरून बिल घेऊन आणा, झाकणाचं सील स्वतः फोडा.

आता थारवाले. तुमची भानगड रिमॅपपेक्षा टायरची जास्त आहे. २०२०च्या थारला आयसिन या जपानी कंपनीचा सहा-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि तो दणकट आहे, एवढा की पेट्रोलमध्ये ऑटोमॅटिकला ३२० एनएम दिलेत आणि मॅन्युअलला ३००च. फॉर्च्युनरचं पण तसंच, २.८ डिझेल ऑटोमॅटिकला ५०० आणि मॅन्युअलला ४२०. म्हणजे ऑटोमॅटिक नाजूक असतो हे सरसकट खोटं आहे. पण स्टॉक २५५/६५ आर१८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. तुम्ही २८५/६५ घातले की ८२८ होतो, म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त. ३५ इंची घातले तर तेरा टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ सगळे गिअर तेवढ्याने लांब झाले. वर टायरचं, बंपरचं, विंचचं, रूफ टेंटचं वजन. मग गगनबावड्याचा घाट चढताना गिअरबॉक्स सारखा खालचा गिअर शोधतो, लॉकअप लागत नाही, आणि कन्व्हर्टर घसरत राहिला की ती सगळी ताकद तेलात उष्णता म्हणून जाते. इंजिनचा काटा मध्यावर निवांत, त्यामुळे ड्रायव्हरला पत्ता नाही. तेलाचं तापमान दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच, एखादा चांगला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे दाखवणारा) घेऊन ते नंबर बघायची सवय लावा, हा माझ्या मते कुठल्याही तेलापेक्षा चांगला खर्च आहे.

जुना अमेरिकन ठोकताळा असा आहे की ८० डिग्रीच्या वर दर ११ डिग्रीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आजच्या सिंथेटिकला हा शब्दशः लागू नाही, ती ९०-१०० आरामात सोसतात, पण दिशा तीच आहे. घाटात ११५-१२० दिसायला लागलं की थांबा, इंजिन बंद न करता न्यूट्रलला आयडल राहू द्या म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. चिखलात, वाळूत, खडकात चढताना फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) मध्ये ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, फोर-लो (तेच, पण हळू आणि जास्त जोराचे गिअर) टाका, कन्व्हर्टरचं घसरणं लगेच कमी होतं. किनाऱ्यावर गाडी घालून अडकणाऱ्यांचे व्हिडिओ दर डिसेंबरात येतातच, त्यात फोर-हाय मध्ये चाकं गरागरा फिरवणारा एकतरी असतो. (किनाऱ्यावर गाडी घालूच नका, पोलीस पण पकडतात, पण तो वेगळा विषय.)

एवढं करूनही तापत असेल तर वेगळा कूलर लावा. बहुतेक गाड्यांत तेल इंजिनच्या कूलंटनेच गार होतं, म्हणजे कूलंट ९० असेल तर तेल त्याच्या खाली जाणार नाही. पुढे हवेत एक छोटा प्लेटवाला कूलर, फॅक्टरीच्या कूलरनंतर जोडलेला, आणि शक्यतो थर्मोस्टॅटसकट, कारण महाबळेश्वरला जानेवारीच्या पहाटे तेल जास्त गार राहिलं तरी शिफ्ट आखडतात. होज प्रेशरच्या आणि क्लॅम्प दर्जेदार, इथे पैसे वाचवू नका. कूलर लावल्यावर तेलाची लेव्हल पुन्हा बघायची असते, हे विसरणारे भरपूर. आणि फॅक्टरी कूलर रेडिएटरच्या टाकीत असेल तर जुन्या गाडीत तो आतून फुटून कूलंट तेलात मिसळतो. तेल काढलं आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेक निघालं तर ती गाडी चालू करू नका, टो करा. ग्लायकॉल क्लचच्या प्लेटांवरचा गोंद सोडवतं, तिथे नुसतं तेल बदलून भागेलच असं नाही.

'लाइफटाइम फिल', म्हणजे तेल कधी बदलायचंच नाही, याबद्दल एकच सांगतो. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं लाइफटाइम म्हटलं, पण तो आठ-स्पीड ८एचपी ज्यांनी बनवला ते झेडएफवाले स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं म्हणतात. आता कुणाचं ऐकायचं? गिअरबॉक्स ज्याने बनवला त्याचं. एम३४०आय रिमॅप करणारे आजकाल बरेच झालेत, स्टॉकलाच ५०० एनएम. ८एचपीच्या नावातला पुढचा आकडा ढोबळमानाने टॉर्कचा वर्ग सांगतो, ४५ म्हणजे ४५०, ७० म्हणजे ७००, तेव्हा फाइल लिहून घेण्याआधी आपल्या गिअरबॉक्सवरची पाटी बघा. रिमॅपवाल्यांनी तेल ५०-६० हजार किलोमीटरात बदलावं. त्याचा प्लास्टिकचा चेंबर (खालचा तेलाचा पॅन) आणि फिल्टर एकत्रच येतो, फिल्टर वेगळा मिळत नाही, आणि गरमीने ते प्लास्टिक वाकून कडेने पाझरायला लागतं, त्यामुळे चेंबर बदलणं ही चैन समजू नका. बोल्ट पण नवीन टाका.

फ्लश (मशिनने सगळं जुनं तेल ढकलून काढायचं) की ड्रेन (प्लग काढून निघेल तेवढं), यावर भांडणं होतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात प्लग काढून साधारण ४० टक्के तेल निघतं, बाकी कन्व्हर्टर आणि कूलर लाइनमध्ये. एकदा बदललं तर ४० टक्के नवीन, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. मी हेच पसंत करतो, दोन बदल मध्ये थोडी गाडी चालवून. मशिनचा फ्लश वाईट नाही, पण लाखाच्या वर पळालेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या गाडीला आधी चेंबर उघडून मॅग्नेट बघा. राखाडी बारीक पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कपटे, काळे फ्लेक्स, जळका वास असेल तर आतलं काम निघालेलंच आहे, मग फ्लश केला की 'फ्लशने गिअरबॉक्स गेला' म्हणायला लोक मोकळे. मिस्त्री बिचारा बदनाम.

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची फाइल, म्हणजे टीसीयू ट्यून, ही इंजिनच्या फाइलच्या जोडीने करायची गोष्ट आहे आणि आपल्याकडे नेमकी हीच वगळतात कारण वरचे पैसे. ओल्या डीएसजीत आणि ८एचपीत त्याने क्लचचं प्रेशर वाढवता येतं, टॉर्क वाढला तसा दाब वाढला की घसरण कमी, घसरण कमी की तेल कमी जळतं. मी तर म्हणतो बजेट एवढंच असेल तर एक्झॉस्ट पुढच्या वर्षी करा, टीसीयू आत्ता करा. लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून पूर्ण जोराने सुटायची सोय) मात्र मित्रांना दाखवायला सारखं सारखं मारू नका, त्या दोन सेकंदांत क्लचजवळचं तेल जेवढं तापतं तेवढं अख्ख्या घाटात तापत नाही.

वॉरंटी आणि इन्शुरन्सचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं म्हटलंय. मोठे टायर, लिफ्ट किट लावताना हे डोक्यात असू द्या. गिअरबॉक्स गेला आणि वॉरंटीत गाडी नेली तर फ्लॅश काउंटर (फाइल किती वेळा बदलली ते मोजणारा) त्यांना दिसतो, 'फाइल परत स्टॉक केलीय' हे चालत नाही.

सीव्हीटीवाले विचारतात आमचं काय. तुम्ही रिमॅपच्या नादाला लागू नका, तेल गाडीच्या कंपनीचंच वापरा, वेळेआधी बदला आणि गाणी ऐकत निवांत चालवा.

गॅरेज निवडायचं असेल तर फोनवर एकच प्रश्न विचारा, लेव्हल कुठल्या तापमानाला बघता? समोरून आकडा आला तर गाडी घेऊन जा. "साहेब काळजी करू नका, आम्ही डिपस्टिकने बघतो" असं आलं आणि तुमच्या गाडीला डिपस्टिकच नसेल, तर दुसरा नंबर फिरवा.